कुत्रा धरा

खिंडीवरच्या दगडांच्या राशीला
तीन प्रदक्षिणा घालून येईपर्यंत
गाडी मिटली होती.
आतून.

उणे एकतीस.
सेंगेच्या अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी नाही,
दोनच मिनिटांचं तर काम होतं.
कोट सासूबाईंच्या अंगावर,
कोटाच्या खिशात किल्ली,
आणि किल्ली म्हणजे तरी काय,
साबणाच्या वडीएवढी डबी, दात नसलेली.
म्हातारीचं कोपर तिच्यावर टेकलं असणार झोपेत.
टुक् असा आवाज त्याने ऐकला होता
तिसरा दगड राशीवर टाकताना.
वाटलं, देवानं पोच दिली.

गाडी जपानहून आलेली, कितव्या हाताची कोण जाणे.
पहिल्या मालकाची भाषा तिच्यात राहिलीय अजून:
दार उघडलं की बाईच्या आवाजात काहीतरी सांगते,
आर्जवाने, अख्खं वाक्य.
सात वर्षांत सेंगेला त्यातलं एक अक्षर कळलेलं नाही.
"शहाणी आहे," तो गिऱ्हाइकांना सांगायचा,
"मी नुसता जवळ आलो की ओळखते."

आता तो जवळच होता.
मुठीवर पंजा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.
ओळख पटेना.
इतकी वर्षं ती डबीला ओळखत होती,
हा आपला डबीबरोबर येणारा माणूस.

त्याने काच ठोठावली.
आत दुलमा, उलानबातरला परवाच मोतीबिंदू काढलेला,
एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्यात धुकं,
आणि काचेवर तिच्याच श्वासाचं बर्फ.
जागी झाली. ताठ बसली.
पुन्हा ठोठावली, बुक्कीने.
तिने कोट हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

कोळशाचा एक ट्रक गेला, तीनदा हॉर्न देऊन.
तो हॉर्न खिंडीतल्या देवाला होता.

आधी कान गेले, मग नाक.
फोन पुढच्या सीटवर, उजळत, विझत.
बायको विचारत असेल, कुठवर आलात.
राशीतला एक दगड उचलला त्याने.
काच साडेतीन लाख तुग्रिकची, आणि दगड देवाचा.
परत ठेवला.

आणि मग कुठे त्याच्या ध्यानात आलं:
ठोठावतं कोण?
पोलीस. कर्जवसुलीवाले.
तिच्या उभ्या जन्मात तिच्या तंबूच्या दाराला
कुणा भल्या माणसाने बोटाचं हाड लावलं नव्हतं.

एकोणीस वर्षांपूर्वी मागणी घालायला गेला,
तेव्हा जितक्या अंतरावर थबकला होता
तितका मागे सरला तो. वीस पावलं.
तोंडाशी हात धरले आणि ओरडला:
"नोखोइ खोर!"
कुत्रा धरा!
तिकडे माळावर पाहुण्याने हेच म्हणायचं असतं,
कुत्रा असो, नसो.

कोट हलला.
दुलमाचा हात चाचपडत गेला दाराच्या अंगाने,
दोरी शोधत असावी,
सापडली एक खिटी. ओढली.
जपानी बाई बोलू लागली.

"या," दुलमा म्हणाली. "कुत्रा गेला गेल्या थंडीत."
मग जरा निरखून, उरल्या डोळ्याने,
"तू होय. मग मघापासून ठोठावत काय होतास
सरकारी माणसासारखा?"

तो आत कोसळला. दातावर दात आपटत होते,
उत्तर देता येईना.
तिने त्याचे दोन्ही हात ओढून
आपल्या काखेत दाबून धरले.
एकोणीस वर्षांत बोटाला बोट लागलं नव्हतं.

गाडीचं तेच वाक्य चालू होतं, पुन्हा, पुन्हा.
"काय म्हणते ही?"
त्याने मान हलवली. माहीत नाही.
"इतक्यांदा सांगतेय, म्हणजे काळजीचंच असणार काहीतरी,"
असं म्हणून दुलमा पुढे वाकली
आणि बहिऱ्याला सांगावं तसं मोठ्याने म्हणाली,
"हो गं बाई, आलाय आत.
दार लावतोच आहे."